कै. पुंजाराम गाडेकर स्मृती केंद्र

पत्रिकेचा नमुना टेबलावर ठेवून धर्मराज बाजूला उभा राहिला. कंपनीची प्रसिद्धी सांभाळणारा हा गृहस्थ एरवी घाईत असायचा, पण आज हलेना. साहेबांना आता भरून येणार, ते डोळे पुसणार आणि आपण ते बघणार, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. भुजंगने चष्मा लावला. कंपनीच्या वतीने जालन्यात सुरू होणाऱ्या संगणक प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन, अगत्याचं निमंत्रण, वगैरे वगैरे. आणि मधोमध सोनेरी अक्षरांत केंद्राचं नाव. कै. पुंजाराम गाडेकर स्मृती केंद्र. त्या 'कै.'ला नजर अशी ठेचकाळली की त्याने तेवढाच तुकडा पुन्हा वाचला. "तिथल्या व्यापारी मंडळींनी सुचवलं सर," धर्मराज म्हणाला. "किशनलालशेठ स्वतः फोनवर बोलले. ज्या बापाला अग्नी देऊन पोरगा सकाळी शब्दाला जागला, त्या बापाचंच नाव पाहिजे म्हणाले. आम्ही मुद्दाम तुम्हाला कळू दिलं नाही." भुजंगच्या हातात पेन होतं. एवढ्याशा अक्षरावर एक रेघ मारायची, बस. रविवारीच तर आबांशी, म्हणजे खुद्द पुंजारामांशी, बोलणं झालं होतं. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं असा आबांचा समज. गुडघ्याला चोळायचं ते हिरवं तेल संपलं म्हणून ते हसनाबादहून ओरडून सांगत होते. भुजंगने पेन पत्रिकेवर नेलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि खाली कार्यक्रमाची वेळ दहाची होती ती साडेदहा केली. "छान झालीय," तो म्हणाला. "जाऊ द्या छापायला."

धर्मराज गेला आणि भुजंगच्या टाळूला खाज सुटली. ही त्याची जुनी खोड. ती अग्नीची गोष्ट कुणी काढली की टाळूवरून वस्तरा फिरल्यासारखं व्हायचं, आणि चारचौघांत डोकं खाजवायची चोरी. पुण्यातल्या या काचेच्या इमारतीत गोष्ट तरी किती वेळा निघायची! नव्या भरतीच्या पोरांना पहिल्याच दिवशी ती ऐकवत. कंपनीच्या वाढदिवसाला तिच्यावर छोटा चित्रपट दाखवत, त्यात कुण्या नटाने भुजंग होऊन टक्कल केलेलं. 'चितेवरून थेट कामावर' असा मथळा एका मासिकाने दिला होता आणि तो कुणीतरी चौकट करून स्वागतकक्षात लावला होता. अमेरिकेतली गिऱ्हाइकंसुद्धा ती ऐकून मान हलवत. घरी नंदा पहिल्यांदा हसली होती. "अहो, सासरे चांगले ठणठणीत आहेत की!" मग तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ते हसू थांबलं ते भुजंगला फार लागलं होतं. आपल्या बाजूने त्याच्याकडे एकच समाधान होतं: ही गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने एकदाही सांगितली नव्हती. नुसतं सांगणाऱ्याला कधी अडवलं नव्हतं. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात ना. तर मनाची लाज त्याने अशी भाडेतत्त्वावर ठेवली होती, लागेल तेव्हा वापरायला.

एक्याऐंशी साली तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा हसनाबादेत कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगता सांगता आबांची पुरेवाट झाली होती. "हिशेब करून राह्यलं म्हणे मशीन," ते पारावर सांगायचे, "पन त्याला भूक न्हाई लागत." नोकरी न करता पोराने जुना जालन्यात किशनलालच्या आडत दुकानावरची खोली घेतली, तेव्हाही आबाच माळवदावरून ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. त्या खोलीचा वास अजून भुजंगच्या नाकात आहे. खाली तुरीचे, हरभऱ्याचे ढीग, त्यांची धूळ जिन्याने वर यायची, आणि मशीनला धूळ चालत नाही म्हणून त्याने मायच्या जुन्या लुगड्याची गवसणी शिवून घेतली होती. शेतकऱ्याचा माल उतरला, तोलला, विकला, की त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, मशीनने आपोआप छापायची, असा त्याचा कार्यक्रम. मुनीम लोक जिना चढून यायचे, छपाईचा खरखराट ऐकायचे, आणि "भारी हाये" म्हणून उतरून पुन्हा हातानेच पट्ट्या लिहायचे. दोन वर्षं नुसतं भारी हाये. शेवटी आडत्यांच्या संघाचा अध्यक्ष म्हणून किशनलालने एक दिवस ठरवला. सगळे आडते जमणार, भुजंगने मशीन चालवून दाखवायचं, त्याच दिवशी औरंगाबादच्या एका मोठ्या कंपनीचा माणूसही आपलं दाखवणार. ज्याचं पटेल त्याला सगळ्या बाजाराचं काम. नाही पटलं तर खोली सोडून गावाकडे, हे भुजंगने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी किशनलाल स्वतः जिना चढून वर आला. हा जाडजूड माणूस कधी वर यायचा नाही. खालून हाक मारायचा. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "भुजंगजी, धीरज रखो. हसनाबादहून फोन आल्ता. पोस्टातून कुणीतरी बोललं. तुमचे बाबूजी गेले." भुजंग मशीनसमोर बसला होता. पडद्यावर एक चूक होती, ती सकाळपासून सापडत नव्हती. आता बघा, माणसाच्या मनात आधी काय यावं यावर कुणाची सत्ता नाही हे खरं, पण जे आलं ते त्याचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याच्या मनात आधी आलं: आजच? आजच मरायचं होतं? मग आबा आठवले, मग मायचा चेहरा दिसला, पण ते सगळं मागून. किशनलाल म्हणाला, "जल्दी निघा. जीप देतो. उद्याचं बिलकुल मनात आणू नका, पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात! पुढच्या महिन्यात औरंगाबादवाला सगळ्या दुकानांत बसलेला असणार. "जीप नको शेठजी," भुजंग म्हणाला, "एसटीनं जातो." आणि पिशवी उचलून निघाला.

स्टँडवर राजूरमार्गे भोकरदनची गाडी लागलेली होती. तो तिच्यासमोरच्या बाकावर बसला. कंडक्टरने हाळी दिली, म्हाताऱ्या चढल्या, कोंबड्यांची पाटी चढली, गाडी गेली. दुसरी लागली. भुजंगचं डोकं फार व्यवस्थित चालत होतं, ही त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. तो हिशेब करत होता: उन्हाळ्याचे दिवस, प्रेत ठेवणार नाहीत. मी पोचेस्तोवर उचललेलं असेल. घरी भाऊ मच्छिंद्र आहे, तो अग्नी देईल. गेलेला माणूस तर गेलाच. उद्या दुपारी गेलो तरी तेवढाच गेलेला असेल. सगळं कसं बिनतोड. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. उद्या सकाळी डोक्यावर केस तसेच घेऊन मशीन दाखवायला उभा राहिलो, तर किशनलाल काय म्हणेल? बाप मेला आणि हा इथंच? थुंकतील तोंडावर. दुसरी गाडीही गेली, आणि भुजंग उठून स्टँडामागच्या न्हाव्याकडे गेला. "कोन गेलं?" न्हाव्याने वस्तरा घासत विचारलं. "वडील," तो म्हणाला, आणि त्या वेळी खरोखरच रडला. न्हावी थांबला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. पण ते रडणं आबांसाठी होतं का स्वतःसाठी, याचा निवाडा भुजंगला पुढे कितीही वर्षांत करता आला नाही.

रात्र स्टँडावरच काढून सकाळी संघाच्या हॉलमध्ये तो शिरला आणि कुजबुज एकदम बंद पडली. किशनलाल गादीवरून उठला. "अरे, तुम्ही? अग्नी देऊन आलात?" भुजंगने मान खाली घातली. एवढंच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. खाली घातलेली मान म्हणजे हो, असं समोरच्यांनी धरलं, आणि त्यात त्यांची काय चूक? मशीन चाललं. चूक कशी कोण जाणे आपसूक सुटली होती. मुंडण केलेला पोरगा बोटं चालवतोय, घाम टाळूवरून मानेवर उतरतोय, आणि सगळा बाजार त्याच्या डोक्याकडे पाहतोय. मशीनकडे कुणी पाहिलंच नाही. औरंगाबादवाला बिचारा सुटाबुटात बसून राहिला. किशनलालचे डोळे भरून आले होते. "मशीन आपल्याला समजत नाही," तो सगळ्यांना म्हणाला, "माणूस समजतो. बापाला पोचवून जो शब्दाला येतो, तो आपला हिशेब बुडवणार न्हाई. बस, ठरलं." भुजंगच्या कंपनीचा पाया त्या दिवशी असा घातला गेला.

दुपारी तो गावी निघाला. राजूरला गाडी थांबली तेव्हा सवयीने देवळाकडे हात जोडले आणि टाळूला ऊन चटकलं. हसनाबादेत शिरताना त्याने रडायची तयारी केली होती. तशी तयारी करावी लागते हे त्याला त्या दिवशी कळलं. घरापुढे माणसं होती खरी. मामा, मावश्या, आत्याचं सगळं बिऱ्हाड. पण चहा चालला होता. कुणीतरी मोठ्याने हसत होतं. आणि ओट्यावर, मांडी घालून, बशीत चहा ओतून फुंकर मारत आबा बसले होते.

झालं होतं ते असं. आबा बैलाला पाणी दाखवत असताना कावळा येऊन डोक्यावर बसला आणि चोच मारून गेला. मरणाचीच खूण ती. तिच्यावर उताराही ठरलेला: माणूस गेल्याची बातमी जवळच्यांना धाडायची. त्यांनी ती खरी मानली, हंबरडा फोडला, धावत आले, की मरण फसतं; रडून झालं म्हणजे आपलं काम झालं, असं समजून परत जातं. आधी सांगून ठेवलं तर उपयोग नाही, रडू खरंच यावं लागतं. लहानपणी मामा गेल्याच्या बातमीने माय अशीच रडत माहेरी धावली होती, आणि मामा गूळ खात बसलेला. भुजंग तिच्या कडेवर होता. हॉस्टेलात ही गंमत त्याने मित्रांना रंगवून सांगितली होती. फोनची वार्ता ऐकताना मात्र त्याला हे आठवलं नव्हतं. खेड्यातल्या कुठल्याही पोराला आठवलं असतं.

त्याचं डोकं दिसलं आणि हसणारे गप्प झाले. माय, सगुणाबाई, चुलीपासून उठून आली, तिने पाहिलं आणि स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. "आरं मुडद्या! जित्या बापाचं डोकं केलं रं!" मग ती मोठ्याने रडायला लागली. "रडायला बोलावल्तं रं तुला, निस्तं रडायला. कालच्याला समदे आले. तुझी वाट पाहून पाहून डोळे गेले. आन् हे काय करून आला?" जित्या बापाचं मुंडण करणं म्हणजे उताऱ्यावर उलटा घाव, मावश्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. आबांनी बशी खाली ठेवली. निरोप कधी गेला आणि पोरगा कधी आला, हे त्यांच्या ध्यानात आलं असणारच. जालना काही काशी नव्हती. भुजंग वाट पाहत होता, की आता विचारतील, काल कुठं होतास. आबा म्हणाले, "कामाचं होतं ना काई तुझं आज? झालं का?"

"झालं," भुजंग म्हणाला.

"बेस झालं," आबा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पोराच्या बोडक्या डोक्यावर ठेवली. "सावलीत ये. ऊन लागंल." मग मायकडे वळून, "झालं ते झालं. केस काय, येत्यात."

केस आले. महिनाभर तो टोपी घालून हिंडला आणि त्या महिन्यात काम दुप्पट झालं. खरं सांगायला त्याच्याकडे पहिला आठवडा होता. किशनलालला जाऊन म्हणायचं, शेठजी, कावळ्याची बातमी होती, आबा बरे आहेत. किशनलाल हसलाही असता. मारवाड्यालाही हे रिवाज माहीत असतात. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता: मग अग्नी कुणाला दिला? तिथं येऊन भुजंग मागे फिरायचा. आठवडा गेला, वर्ष गेलं, तो पुण्याला गेला, बँकांची, कारखान्यांची कामं झाली, दोन हजार साल आलं तेव्हा जगभरची मशीनं बंद पडणार म्हणून परदेशी कंपन्यांनी त्याच्या दारात रांग लावली. तो मोठा होत गेला तशी गोष्टही मोठी होत गेली, आणि गोष्टीत आबांना जगायला जागा उरली नाही.

एकदा दिवाळीला गावी गेला असताना तो मच्छिंद्रला सहज म्हणाला, "आबांना जालन्याच्या डॉक्टरला दाखव ना गुडघा." मच्छिंद्र गोठ्यात शेण काढत होता. त्याने मान वर केली नाही. "आबा जालन्याला जात न्हाईत. तुला म्हाईत न्हाई?" "का?" "का म्हंजे? तू डोकं करून आल्ता त्याच साली ती अग्नीची गोष्ट बाजारातून कानावर आली, तवाच सोडलं त्यांनी. समदा कापूस, मका भोकरदनला घालतो आपण, भाव कमी आला तरी. मी म्हन्लं, जालना बराबर हाये आबा. तं म्हन्ले, तिथं मला कोनी वळखलं तं पोराचं तोंड काळं व्हईल." जालन्याचा बाजार म्हणजे आबांचं एकच व्यसन. शनिवारी पांढरं धोतर नेसून निघायचे, हॉटेलात भजी खायचे, आडत्यांच्या गाद्यांवर गप्पा ठोकून यायचे. ते त्यांनी न बोलता सोडून दिलं होतं, आणि भुजंगला वाटत होतं, वय झालं. त्या दिवाळीला त्याने आबांना भारी शाल घेतली. आबांनी ती डोळ्यांना लावून पेटीत ठेवली. याहून जास्त भुजंगने काही केलं नाही.

आणि आता पत्रिका. जालन्याच्या मंडळींनी तालुक्या-तालुक्यात, ग्रामपंचायतींना धाडल्या, एक हसनाबादलाही गेली. मच्छिंद्रचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "पत्रिका आली. आबांनी वाचून घेतली माझ्याकडून. म्हन्ले, आपलं नाव सोन्यानं लिव्हलं. येतो म्हन्ले." "कशाला?" हा शब्द भुजंगच्या तोंडून निसटला. "ते म्यां नाही विचारलं," मच्छिंद्र म्हणाला आणि फोन ठेवला. भुजंगने ठरवलं. खरंच ठरवलं. पुण्याहून जालन्यापर्यंत गाडीत तो वाक्य जुळवत आला: मंडळी, माझे वडील हयात आहेत, आणि त्या दिवशी मी अग्नी द्यायला गेलो नव्हतो. एवढंच. दोन मिनिटांचं काम. कंपनीचं काय होईल? काही होणार नाही, दोन दिवस हसतील. आबांना व्यासपीठावर बोलवायचं, पाया पडायचं, आणि सगळ्यांदेखत बापाला बाजार परत द्यायचा. वाक्य पाठ झालं तसं त्याला हलकं वाटायला लागलं. टाळूही शांत होती.

केंद्राच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. भिंतीवर आबांचा फोटो, राजूरच्या जत्रेत काढलेला, काळ्या मिशांचा, फेटा बांधलेला. मासिकाला भुजंगनेच कधीतरी दिला होता. आणि दारातून मच्छिंद्रच्या आधाराने आबा आले. पांढरं धोतर, पेटीतली शाल, मिशा पांढऱ्या, दात नाहीत. भुजंग व्यासपीठावरून उठला. पाय निघाले होते. तेवढ्यात म्हातारा झालेला किशनलाल काठी टेकत पुढे झाला. "रामराम. आपण कोण?"

"म्या चुलता ह्याचा," आबा म्हणाले. भुजंगकडे पाहिलंही नाही. "पुंजारामचा भाऊ. धाकला."

"अस्सं! चेहरा बराबर मिळतो," किशनलाल म्हणाला, त्याने त्यांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आबा खुर्चीच्या कडेला बसले, हॉलभर पाहत. इतक्या वर्षांनी जालन्यात आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपत नव्हता. भुजंग तिथंच मध्ये उभा. अजूनही वेळ होती. माइक हातात आला तेव्हाही होती. वाक्य तोंडात होतं, तयार, पाठ. त्याने समोर पाहिलं. आबांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली, बोल बोल, अशी. "आज," भुजंग म्हणाला, "माझे वडील नाहीत. पण त्यांच्या जागी माझे काका इथं आहेत." टाळ्या पडल्या. त्याच्या स्वतःच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खोटं. वाटलं होतं, जीभ अडखळेल. काही अडखळली नाही.

"मग हार काकांच्याच हातून," किशनलालने व्यासपीठावरून आवाज दिला. नाही म्हणायला कुणी नव्हतं. धर्मराजने झेंडूचा हार आणून आबांच्या हातात दिला. फोटो उंच होता, स्टूल आणलं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस स्टुलावर कसा चढणार? भुजंग पुढे झाला, त्याने एका हाताने स्टूल धरलं, दुसऱ्याने आबांची कंबर. किती हलके झाले होते ते. तोल सावरायला आबांनी एक हात त्याच्या डोक्यावर टेकला आणि दुसऱ्याने स्वतःच्या फोटोला हार घातला. नीट बसला का म्हणून मान तिरकी करून पाहिलं, एक बाजू खाली ओढली. फोटोवाल्याने दोनदा उजेड पाडला.

उतरताना ते भुजंगच्या कानाशी आले. त्यांच्या तोंडाला तेलाचा, तंबाखूचा वास होता. "आता एक बेस झालं," ते हळूच म्हणाले, समजूत काढल्यासारखं, त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. "आता म्या जाईन तवा तुला कामधंदा सोडून पळत यायची गरज न्हाई. मच्छिंद्र हाये. तुझं समदं करून झालंय."

भुजंगने त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. टाळ्या चालूच होत्या. नाही आबा, असं कसं, मी येणार, असं म्हणायला हवं होतं आणि तो म्हणालाही, पुटपुटला काहीतरी. पण त्याआधी, त्या शब्दांसरशी, त्याला सुटल्यासारखं वाटून गेलं होतं, आणि ते आबांनी त्याच्या तोंडावर पाहिलं होतं.